कॅप्टन नेमो : कादंबरीतील आणि पडद्यावरील

बीजशब्द : ज्यूल व्हर्न, नाविक कथासाहित्य, माध्यमांतर, १८५७चा उठाव, बुंदेलखंड, भाषांतर

प्रस्तावना

सागरी कथासाहित्यात जहाजाचा कप्तान हे पात्र बहुधा एखाद्या राष्ट्राच्या नौदलाचे प्रतिनिधित्व करते. त्याच्या डोक्यावर ध्वज असतो, खिशात वरिष्ठांचा हुकूम असतो आणि त्याचे शौर्य त्या ध्वजाच्या हिशोबात जमा होते. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याने निर्माण केलेला कॅप्टन नेमो हा या परंपरेतील ठळक अपवाद होय. त्याच्या 'नॉटिलस' या पाणबुडीवर कोणत्याही देशाचा ध्वज नाही. जो आहे तो काळा, त्याचा स्वतःचा. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'कोणीही नाही' असा होतो. होमरच्या महाकाव्यात ओडिसिअस एकाक्ष राक्षसाला आपले नाव 'कोणीही नाही' असे सांगून सुटतो, त्या प्रसंगाची छाया या नावावर आहे.

तथापि हा 'कोणीही नसलेला' मनुष्य कोणीतरी होता. व्हर्नच्याच दुसऱ्या एका कादंबरीत तो बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र, राजपुत्र डाकार असल्याचे उघड होते. १८५७च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला, पराभूत झालेला आणि भूमीचा त्याग करून समुद्राखाली गेलेला भारतीय, अशी त्याची ओळख व्हर्नने छापील स्वरूपात नोंदवून ठेवली आहे. असे असूनही जगभरातील प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे नेमो म्हणून जी आकृती उभी राहते, ती बहुतांशी जेम्स मेसन या इंग्रज नटाची असते. कादंबरीतील डाकार पडद्यावर कोठे हरवला, कोणत्या टप्प्यावर हरवला आणि या हरवण्याचा दोष सर्वस्वी चित्रपटांकडे जातो काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन कादंबऱ्या, दोन नेमो

'समुद्राखाली वीस हजार लीग' ही कादंबरी प्रकाशक पिएर-ज्यूल एत्झेल याच्या नियतकालिकातून मार्च १८६९ ते जून १८७० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. 'रहस्यमय बेट' ही दुसरी कादंबरी त्याच नियतकालिकातून १८७४ आणि १८७५ या दोन वर्षांत आली. पहिलीत नेमो हा मध्यवर्ती, परंतु अज्ञात पुरुष आहे. दुसरीत तो जवळजवळ संपूर्ण कादंबरीभर अदृश्य राहतो, बेटावर अडकलेल्या अमेरिकनांना गुप्तपणे साहाय्य करतो, आणि अखेरच्या काही प्रकरणांत मृत्युशय्येवर आपली कहाणी सांगतो. हा भेद लक्षात घेतल्याविना पडद्यावरील रूपांचे मूल्यमापन करणे अशक्य आहे.

पहिल्या कादंबरीचा निवेदक प्राध्यापक अरोनॅक्स हा निसर्गशास्त्रज्ञ आहे. माशांचे वर्गीकरण करण्यात तो वाकबगार आहे, परंतु नेमोचे वर्गीकरण त्याला करता येत नाही. पहिल्या भेटीत तो नेमोची उंची, कपाळ, नाक, एकमेकांपासून दूर असलेले डोळे यांचे बारकाईने वर्णन करतो. त्याचे वय पस्तीस की पन्नास, हे त्याला ठरवता येत नाही. नेमो व त्याचा सोबती हे दक्षिणेकडील प्रदेशांतले असावेत एवढे त्याला जाणवते. पण स्पॅनिश, तुर्क, अरब की भारतीय, हे चेहऱ्यावरून सांगणे त्याला जमत नाही. याच वर्णनात नेमोची त्वचा फिकट असल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे पहिल्या कादंबरीच्या मजकुरावरून युरोपीय नेमोही उभा करता येतो आणि भारतीय नेमोही. दोहोंना आधार आहे.

पुढे श्रीलंकेच्या किनाऱ्यानजीक मोत्यांच्या शिंपल्यांच्या क्षेत्रात एक प्रसंग येतो. एका गरीब भारतीय पाणबुड्यावर शार्क झडप घालतो; नेमो केवळ सुरी घेऊन त्या माशावर धावून जातो आणि त्या पाणबुड्याला वाचवून मोत्यांची पिशवी त्याच्या हाती ठेवतो. मानवजातीशी नाते तोडलेल्या माणसाने एका अनोळखी जीवासाठी प्राण पणाला का लावले, असे अरोनॅक्स विचारतो. त्यावर तो पाणबुड्या पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपणही त्याच देशाचे राहू, अशा आशयाचे उत्तर नेमो देतो. दुसरी कादंबरी वाचलेल्या वाचकाला हे उत्तर सरळ कबुलीजबाबासारखे वाटते. पहिलीच वाचणाऱ्याला मात्र तो 'पीडितांचा देश' एक रूपक वाटू शकतो, आणि तसे वाटण्यास कारणही आहे. नेमोच्या खोलीच्या भिंतीवर जी चित्रे आहेत त्यांत पोलंडचा कोशचुश्को, ग्रीसचा बोत्झारिस, आयर्लंडचा ओ'कॉनेल, इटलीचा मानिन, अमेरिकेचे वॉशिंग्टन, लिंकन आणि जॉन ब्राऊन आहेत. त्यांत एकही भारतीय नाही. १८५७मध्ये ज्याने आपले राज्य आणि कुटुंब गमावले त्याच्या भिंतीवर झाशीच्या राणीचे किंवा तात्या टोपे यांचे चित्र नसावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. चित्रांची ही यादी ज्या वेळी लिहिली गेली त्या वेळी नेमो भारतीय नव्हता, हे तिचे सर्वांत साधे स्पष्टीकरण होय.

पोलंडपासून बुंदेलखंडापर्यंत

लेखक व प्रकाशक यांच्यातील पत्रव्यवहारातून हे स्पष्टीकरण पक्के होते. व्हर्नच्या मूळ कल्पनेत नेमो हा पोलिश सरदार होता. १८६३ साली पोलंडमध्ये रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो क्रूरपणे मोडला गेला. नेमोच्या मुलींवर अत्याचार झाले, पत्नी व वडील मारले गेले, आणि म्हणून तो रशियन जहाजे बुडवतो, असा तो बेत होता. एत्झेलला हे मान्य झाले नाही. रशियात त्याच्या पुस्तकांना बाजारपेठ होती आणि तेथील सरकारचा रोष त्याला नको होता. त्याऐवजी नेमोला गुलामांच्या व्यापाराचा शत्रू करावे, असे त्याने सुचवले. व्हर्नने ते नाकारले. नेमोचे वैर निःसंदिग्ध नैतिक कारणासाठी असले की त्याच्या सूडातील भयानकता नाहीशी होते, हे त्याला कळत होते. अखेर तडजोड अशी झाली की नेमोचे राष्ट्र सांगायचेच नाही, आणि तो ज्या जहाजाला बुडवतो त्याचेही नाही.

या तडजोडीतूनच कादंबरीतील सर्वांत भेदक प्रकरण जन्माला आले, हे मात्र मान्य करावे लागते. ध्वज न दाखवणारी एक युद्धनौका नॉटिलसवर हल्ला करते. नेमो तिला ओढत ओढत दूर नेतो, रात्र जाऊ देतो आणि मग पोलादी टोकाने तिचे पोट फाडतो. शेकडो माणसे बुडताना तो काचेआडून पाहत राहतो. देश, पत्नी, मुले, आईवडील सारे ज्याच्यामुळे गेले ते हेच, एवढेच तो अरोनॅक्सला सांगतो. कोण, ते सांगत नाही. त्यानंतर तो आपल्या खोलीत जातो आणि एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून हुंदके देतो. वाचकापुढे गुन्हा आहे, दुःख आहे. त्या दोहोंना जोडणारा दुवा नाही. न्यायनिवाडा करण्यास लागणारा पुरावाच लेखकाने काढून घेतला आहे.

पाच वर्षांनी 'रहस्यमय बेटा'त व्हर्नने तो दुवा पुरवला, परंतु आता तो पोलंडहून भारतात हलवलेला होता. राजपुत्र डाकार हा तेव्हा स्वतंत्र असलेल्या बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा भाचा असल्याचे सांगितले जाते. दहाव्या वर्षी त्याला युरोपात शिक्षणासाठी पाठवले जाते. तिसाव्या वर्षापर्यंत तो विज्ञान, कला व साहित्य आत्मसात करतो. १८४९मध्ये तो परततो, विवाह करतो, त्याला दोन मुले होतात. १८५७मध्ये तो उठावात उतरतो, अनेक लढायांत जखमी होतो. कुटुंब नष्ट होते, त्याच्या डोक्यावर बक्षीस लागते, आणि मूठभर विश्वासू सोबत्यांसह तो पॅसिफिकमधील एका निर्जन बेटावर जाऊन नॉटिलस बांधतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या वंशावळीत अनेक अडचणी दिसतील. एकोणिसाव्या शतकात 'बुंदेलखंडचा राजा' असे एकच पद अस्तित्वात नव्हते. ओरछा, दतिया, पन्ना, छत्रपूर अशी अनेक संस्थाने होती आणि झाशीत मराठी नेवाळकर घराणे होते. बुंदेल्यांच्या घरात म्हैसूरच्या सुलतानाची बहीण नांदायला आल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कालगणनाही ताणलेली आहे. १८४९मध्ये तीस वर्षांचा असलेला डाकार १८१९च्या सुमारास जन्मला असला पाहिजे. टिपू १७९९मध्ये पडला आणि त्याचे वडील हैदरअली १७८२च्या अखेरीस वारले. तेव्हा टिपूची धाकट्यात धाकटी बहीण धरली तरी डाकारच्या जन्मावेळी ती पस्तिशी ओलांडलेली ठरते. टिपू हे फ्रेंच वाचकांना माहीत असलेले, फ्रेंचांशी मैत्री असलेले नाव होते. बुंदेलखंड हे उठावाच्या बातम्यांतून परिचित झालेले नाव होते. व्हर्नने ही दोन्ही एका घरात आणली. दोन कादंबऱ्यांतील तारखाही परस्परांशी जुळत नाहीत. पहिलीतील प्रवास १८६७-६८मध्ये घडतो, तर दुसरीत १८६८च्या ऑक्टोबरमध्ये मरणारा वृद्ध नेमो तोच प्रवास सोळा वर्षांपूर्वीचा म्हणून सांगतो. या विसंगतीची कबुली पुस्तकातील टीपेतच देण्यात आली आहे.

म्हणून डाकारची ओळख 'नंतर चिकटवलेली' म्हणून बाजूला सारावी काय? तसे करणे योग्य ठरणार नाही. पोलंडच्या उठावाची जागा घेण्यासाठी व्हर्नला तितक्याच तोलाचा, तितक्याच निर्दयपणे मोडलेला उठाव हवा होता, आणि तो त्याला १८५७मध्ये दिसला. त्या काळच्या युरोपात त्या घटनेला शिपायांचे बंड म्हणण्याची रीत असताना एका लोकप्रिय लेखकाने तिला पोलंड, ग्रीस, आयर्लंड यांच्या रांगेत बसवावे, याला महत्त्व आहे.

अर्थात व्हर्नची सहानुभूती एकसंध नव्हती. 'रहस्यमय बेटा'तच हक्काचा बळापुढे पराभव झाला असे म्हटल्यावर लगेच संस्कृतीची पावले मागे पडत नाहीत अशी पुस्तीही जोडलेली आहे. आणि मरणासन्न नेमोला सायरस स्मिथ हा अमेरिकन अभियंता जो निवाडा ऐकवतो त्याचा आशय, भूतकाळ परत आणता येईल असे मानण्यात तुमची चूक झाली, असा आहे. पुढे १८८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वाफेचे घर' या कादंबरीत तर साक्षात नानासाहेब पेशवे सूडाने पेटलेले खलपुरुष म्हणून येतात आणि सहानुभूतीचा वाटा इंग्रज कर्नल मन्रोकडे जातो. काल्पनिक राजपुत्राला दिलेले औदार्य खऱ्या पेशव्याच्या वाट्याला आले नाही, ही गोष्ट मराठी वाचकाच्या नजरेतून सुटण्यासारखी नाही.

भाषांतराची चाळणी

पडद्याकडे वळण्यापूर्वी एक मधला टप्पा विचारात घ्यावा लागतो, कारण डाकारची पहिली काटछाट कॅमेऱ्याने केलेली नाही. इंग्रजीत 'वीस हजार लीग' प्रथम आणले ते लुईस मर्सिए या धर्मोपदेशकाने, १८७०च्या दशकाच्या प्रारंभी. त्यात मूळ मजकुराचा एक-पंचमांशाहून अधिक भाग गळालेला होता आणि शास्त्रीय तपशिलांत ढोबळ चुका होत्या. 'रहस्यमय बेटा'चे १८७५चे भाषांतर डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावावर प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात ते त्यांच्या पत्नी अ‍ॅग्नेस यांनी केले होते. या भाषांतरात डाकारच्या आत्मकथनातील इंग्लंडविरोधी भाग बदलण्यात आला. इंग्रज सत्तेविरुद्धचा न्याय्य संताप तेथे राजपुत्राच्या महत्त्वाकांक्षेचा आणि द्वेषाचा परिणाम म्हणून दिसू लागतो. मूळ फ्रेंचशी प्रामाणिक अशी 'रहस्यमय बेटा'ची दोन नवी इंग्रजी भाषांतरे, सिडनी क्राविट्झ आणि जॉर्डन स्टम्प यांची, २००१मध्ये आली. मधली सव्वाशे वर्षे इंग्रजी वाचक, आणि इंग्रजीवर अवलंबून असलेले भारतीय वाचक, छाटलेला डाकार वाचत होते. मराठीत व्हर्नची गोडी भा. रा. भागवतांनी लावली आणि दोन-तीन पिढ्यांच्या बालवाचकांना नॉटिलसची ओळख झाली. या वाचकांना आपल्याच देशातील उठावाची कहाणी फ्रेंच लेखकाकडून, इंग्रजी चाळणीतून मिळण्याचा हा प्रवास फारसा माहीत नसतो.

मूकपट ते डिस्ने

नेमोच्या पडद्यावरील प्रवासाच्या आरंभी एक अनपेक्षित गोष्ट आढळते. पहिला पूर्ण लांबीचा अमेरिकन चित्रपट डाकारला विसरलेला नव्हता. स्टुअर्ट पेटन दिग्दर्शित १९१६च्या युनिव्हर्सलच्या मूकपटात दोन्ही कादंबऱ्या एकत्र गुंफल्या होत्या. विल्यमसन बंधूंनी बहामाच्या समुद्रात पाण्याखाली प्रत्यक्ष चित्रण केले, म्हणून तो तंत्राच्या इतिहासात नावाजला जातो. त्यात अ‍ॅलन होलुबार याने चेहऱ्याला काळा रंग फासून भारतीय राजपुत्र साकारला. पण उठावाचे काय झाले? तेथे डेन्व्हर नावाचा एक गोरा व्यापारी आणला आहे. त्याची राजपुत्राच्या पत्नीवर वाईट नजर असते, तो राजपुत्रावर बंडाचा खोटा आळ घेतो, पत्नीचा मृत्यू होतो, मुलगी पळवली जाते. साम्राज्याविरुद्धचे युद्ध अशा रीतीने एका दुष्ट माणसाविरुद्धचे खाजगी वैर बनते. वेशभूषा भारतीय राहिली. कारण मात्र भारतीय राहिले नाही. १९२९च्या 'रहस्यमय बेट' या मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या चित्रपटात नेमके उलटे घडले. लायोनेल बॅरिमोरचा 'काउंट डाकार' नावाने डाकारच राहिला, परंतु त्याचा देश हेटव्हिया नावाचे एक काल्पनिक युरोपीय राज्य झाले.

यानंतर आला तो रिचर्ड फ्लायशर दिग्दर्शित, वॉल्ट डिस्नेनिर्मित १९५४चा चित्रपट. कलादिग्दर्शन आणि विशेष परिणाम यांसाठी त्याला ऑस्कर मिळाले. हार्पर गॉफने कल्पिलेली रिवेटांनी जडवलेली, मगरीच्या पाठीसारखी नॉटिलस आज व्हर्नच्या गुळगुळीत सिगारेच्या आकाराच्या मूळ पाणबुडीपेक्षा अधिक परिचित आहे. जेम्स मेसनचा नेमो सौम्य आवाजाचा, थकलेला, ऑर्गनवर बाख वाजवणारा आहे. या नटाने पात्राला जे विषण्ण गांभीर्य दिले त्याला तोड नाही, हे डाकारच्या कैवाऱ्यांनीही मान्य करावे.

या चित्रपटाने कथानकात केलेला बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. नेमो अरोनॅक्सला रुरा पेन्थे नावाच्या बेटावर नेतो. तेथे कैदी पाठीवरून दारूगोळ्याची कच्ची सामग्री जहाजात भरत असतात. नेमो व त्याचे खलाशी याच छळछावणीतून पळालेले आहेत. आपल्या शोधाचे रहस्य सांगण्यास नकार दिल्यामुळे त्याची पत्नी व मूल छळ करून मारले गेले, हेही कळते. त्यानंतर ते जहाज बुडवले जाते. म्हणजे कादंबरीत जे कारण वाचकापासून लपवले होते ते चित्रपटात कृत्याच्या आधीच डोळ्यांना दाखवले जाते. प्रेक्षक नेमोला खुनी म्हणण्यापूर्वी त्याची बाजू ऐकून बसलेला असतो. पडद्याला दृश्य कारण लागते हे खरे, पण त्यामुळे काचेआडून बुडणारी माणसे पाहणाऱ्या पुरुषाचे गूढ नष्ट होते.

तो 'द्वेषपात्र देश' कोणता, हे याही चित्रपटात सांगितलेले नाही. एत्झेलने व्यापारी सावधगिरीने जे केले तेच शीतयुद्धाच्या काळात हॉलिवूडने वेगळ्या सावधगिरीने केले. मात्र रुरा पेन्थेच्या मागे सैबेरियाची सावली दिसते: दूरची दंडवसाहत, राजबंदी, बायकामुलांचा छळ. अशा प्रकारे व्हर्नने १८६९मध्ये योजलेला आणि प्रकाशकाने मोडून काढलेला पोलिश नेमो, निर्मात्यांच्या ध्यानीमनी नसताना, डिस्नेच्या चित्रपटात काही अंशी परतला. मेसनच्या नेमोला केवळ 'गोरा केलेला डाकार' म्हणून निकालात काढणाऱ्या टीकेत तथ्य आहे. पण ती अपुरी आहे. चित्रपट पहिल्या कादंबरीवर आधारलेला आहे, आणि पहिल्या कादंबरीचा नेमो लेखकाच्या मनात भारतीय नव्हता. आक्षेप घ्यायचा तर तो, एका पात्राच्या दोन ग्रंथांपैकी एकच ग्रंथ प्रमाण मानण्याच्या सवयीवर घ्यावा लागेल.

चित्रपटाचा शेवटही काळाचा ठसा घेऊन येतो. अमेरिकेची पहिली अणुपाणबुडी जानेवारी १९५४मध्ये पाण्यात उतरली आणि तिचे नावही नॉटिलस होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये चित्रपट आला. व्हर्नची नॉटिलस विजेवर चालते. डिस्नेच्या नेमोकडे विश्वाची मूलशक्ती असल्याचे सूचित होते, त्याचा तळ एका प्रचंड स्फोटात नष्ट होतो आणि आकाशात उठणारा धूर हिरोशिमानंतरच्या प्रेक्षकाला ओळखीचा वाटतो. साम्राज्य आणि गुलाम देश हा प्रश्न येथे विज्ञान आणि विनाश या प्रश्नाने बाजूला सारला आहे. १९६१च्या 'रहस्यमय बेटा'त हर्बर्ट लोमचा नेमो याच वाटेने पुढे जातो. अन्नटंचाई संपली तर युद्धे संपतील म्हणून तो अवाढव्य प्राणी वाढवण्याचे प्रयोग करतो. मूळ ग्रंथात डाकारची कहाणी ठसठशीत असूनही या चित्रपटात भारत कोठेच नाही.

डाकारचे पुनरागमन

डाकारला पुन्हा भारतीय म्हणून दाखवण्याचे श्रेय प्रथम इंग्रजी भाषेबाहेरच्या निर्मात्यांना द्यावे लागते. १९७३च्या युरोपीय सहनिर्मितीत इजिप्शियन नट ओमर शरीफने ही भूमिका केली. १९७५मध्ये ओडेसा येथील चित्रसंस्थेने केलेल्या तीन भागांच्या सोव्हिएत दूरचित्रपटात व्लादिस्लाव द्वोर्झेत्स्की नेमो झाला, आणि तेथे १८५७चा उठाव कथेच्या पार्श्वभूमीपुरता न राहता प्रत्यक्ष प्रसंगांतून येतो. सोव्हिएत संघात ब्रिटिश साम्राज्याला खलनायक करण्यात कोणतीच राजकीय अडचण नव्हती, हे उघड आहे. ज्या देशाच्या भीतीने व्हर्नला पोलिश नेमो सोडावा लागला, त्याच सत्तेच्या वारसांनी भारतीय नेमोला पडद्यावर न्याय द्यावा, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

एखादा नामवंत भारतीय नट हॉलिवूडच्या चित्रपटात नेमो म्हणून दिसण्यास २००३ साल उजाडले. अ‍ॅलन मूर व केव्हिन ओ'नील यांच्या चित्रकथेवर आधारलेल्या 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या चित्रपटात नसिरुद्दीन शाह यांनी ही भूमिका केली. फेटा, दाढी, तलवार आणि नॉटिलसवर कालीमातेची पूजा अशी त्यांची सजावट आहे. ('रहस्यमय बेटा'च्या हिशोबाने १८६८मध्ये वारलेला हा गृहस्थ चित्रपटाच्या १८९९ या काळात ऐंशीच्या घरात हवा, पण अशा चित्रपटांकडून ती अपेक्षा करू नये.) खटकते ते वेगळेच. व्हर्नचा डाकार युरोपात वीस वर्षे शिकलेला, बारा हजार ग्रंथांचे ग्रंथालय बाळगणारा, अनेक भाषा जाणणारा विज्ञानवादी आहे. त्याला कोणत्याही एका देवतेचा भक्त म्हणून ओळखण्याची सोय व्हर्नने ठेवलेली नाही. चित्रपटात त्याचे भारतीयत्व पोशाख आणि पूजा यांपुरते येते, आणि कृतीने तो ब्रिटिश सत्तेच्या बोलावण्यावरून तिच्या रक्षणास धावतो. नटाची निवड बरोबर ठरली. पात्राचे वैर मात्र पुसले गेले. १९१६च्या काळ्या रंगापासून २००३च्या फेट्यापर्यंत एक गोष्ट टिकून राहिली, ती म्हणजे भारतीयत्व हा वेशभूषेचा विषय मानणे.

'नॉटिलस' ही दहा भागांची मालिका या पार्श्वभूमीवर वेगळी ठरते. डिस्नेसाठी ऑस्ट्रेलियात चित्रित झालेली ही मालिका २०२३मध्ये त्या कंपनीने प्रदर्शित न करण्याचे ठरवले. ती २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये आणि २०२५मध्ये अमेरिकेत अन्य वाहिन्यांवरून आली. शझाद लतीफ हा ब्रिटिश नट तरुण नेमोच्या भूमिकेत आहे. तो ईस्ट इंडिया कंपनीचा कैदी आहे, कंपनीसाठी बांधल्या जाणाऱ्या पाणबुडीवर राबतो आणि तीच पळवतो. काळ १८५७चा आहे. येथे नेमोला कारण परत मिळाले, देश परत मिळाला, आणि शत्रूला नाव मिळाले. तरीही शत्रू म्हणून निवडलेले नाव पाहण्यासारखे आहे. कंपनी सरकार १८५८मध्ये संपले आणि कंपनी स्वतः १८७४मध्ये विसर्जित झाली, म्हणजे 'रहस्यमय बेट' छापले जाऊ लागले त्याच वर्षी. तिची बाजू घेणारे आज कोणी उरलेले नाही. व्हर्नच्या डाकारचा रोष कंपनीवर नसून इंग्लंडवर होता. शिवाय मूळ डाकार आपले यंत्र स्वतःच्या ज्ञानाने व संपत्तीने घडवतो. मालिकेतील नेमो ते शत्रूकडून हिरावून घेतो. त्यामुळे कथेला वेग आला, पण युरोपीय विज्ञानात युरोपीयांच्या पुढे गेलेला भारतीय, ही १८७४ साली धाडसाची असलेली कल्पना या रूपांतरात फिकी पडली.

अध्यापनातील प्रश्न

पदवी स्तरावर साहित्य आणि चित्रपट असा अभ्यासघटक शिकवताना रूपांतर मूळ कृतीशी एकनिष्ठ आहे किंवा नाही, हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. नेमोच्या बाबतीत मूळ कोणते, हेच आधी ठरवावे लागते: व्हर्नचा रद्द झालेला पोलिश आराखडा, पहिल्या कादंबरीतील अनामिक, दुसरीतील डाकार, की १८७५च्या इंग्रजी भाषांतरातील बदललेला डाकार? 'रहस्यमय बेटा'च्या हस्तलिखितात मरणाऱ्या नेमोच्या ओठी स्वातंत्र्य हा एकच शब्द होता; प्रकाशकाच्या आग्रहाने छापील पुस्तकात त्या जागी देव आणि मायभूमी यांचे स्मरण आले. तेव्हा मूळ ग्रंथ हाही अनेक हातांनी घडलेला असतो, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यास नेमोइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठी महाविद्यालयांना तर यासाठी एक स्वतंत्र साधन उपलब्ध आहे. व्हर्नने फ्रान्समध्ये बसून जो बुंदेलखंड कल्पनेने रंगवला, तेथे १८५८च्या वेढ्यात पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे प्रत्यक्ष सापडले होते. त्यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्य यांनी संपादित करून १९०७मध्ये प्रसिद्ध केला. भिक्षुकीच्या निमित्ताने द्रव्यार्जनाला निघालेल्या या ब्राह्मणाने झाशीतील राणीचा दरबार, शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट पाहिली आणि कसलाही आव न आणता लिहून ठेवली. डाकारच्या आत्मकथनाचे प्रकरण, मेसनच्या चित्रपटातील रुरा पेन्थेचा प्रसंग आणि गोडसे भटजींच्या ग्रंथातील झाशीची प्रकरणे एका आठवड्यात वाचून-पाहून होण्यासारखी आहेत. डाकारचे प्रकरण वर्गात वाचताना १८७५चे भाषांतर टाळून २००१च्या दोहोंपैकी एक घ्यावे, एवढी दक्षता मात्र आवश्यक आहे. जुने भाषांतर प्रताधिकारमुक्त असल्याने स्वस्त आवृत्त्यांत तेच पुनःपुन्हा छापले जाते, आणि ग्रंथालयाच्या कपाटात हाती लागणारी प्रत बहुधा त्याचीच असते.